पदवीच्या रसायनशास्त्र अभ्यासमंडळांस हरसूलहून खुले पत्र

हरसूल, तालुका त्र्यंबकेश्वर, जिल्हा नाशिक

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या रसायनशास्त्र अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य, प्रश्नपत्रिकांचे रचनाकार आणि प्रथम वर्षाच्या क्रमिक पुस्तकांचे लेखक यांच्या सेवेशी,



विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षास गेलेली आमच्या भागातील मुले-मुली ज्या विषयापाशी येऊन थबकतात, आणि पुष्कळदा ज्या विषयापायी विज्ञानाचा मार्गच सोडून देतात, तो विषय सेंद्रिय रसायनशास्त्र होय. ज्या शास्त्रात मूळ तत्त्वे इतकी थोडी, त्यांची परस्परसंगती इतकी सुबोध आणि त्यांचा विस्तार इतका विलक्षण आहे, त्याच शास्त्राची ख्याती विद्यार्थ्यांत ‘पाठांतराचा विषय’ अशी व्हावी, ही गोष्ट मला इतकी खेदकारक वाटते की, आपणांपैकी कोणाशीही व्यक्तिशः परिचय नसताना हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे धाडस करीत आहे. या परिसरातील विद्यार्थ्यांना संध्याकाळी बसून रसायनशास्त्र समजावून सांगणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. त्यामुळे पुढील कैफियत ऐकीव नसून प्रत्यक्ष पाहिलेली आहे, एवढी ग्वाही आरंभीच देतो.

हा विद्यार्थी कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाशिकच्या पश्चिमेस, डोंगर आणि भातखाचरांच्या या मुलखात, त्याच्या घरी कोकणा किंवा वारली बोली बोलली जाते. आश्रमशाळेत तो मराठी शिकतो आणि सर्व विषय मराठीतून शिकतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ हे प्रकरण आहे. त्यातील क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, सहसंयुज बंध या संकल्पना त्याला मराठीत चांगल्या उमगलेल्या असतात, हे मी स्वतः पडताळून पाहिले आहे. त्यानंतर अकरावीस विज्ञान शाखा घेताच सर्व शास्त्रे एकदम इंग्रजीत येतात, आणि पदवीच्या वर्गात तर मागील सारे ज्ञान इंग्रजीत रुजू झालेलेच आहे, असे गृहीत धरून पुढचा धडा सुरू होतो. म्हणजे तिसऱ्या भाषेत त्याने शास्त्र शिकावयाचे असते. तथापि माझी मुख्य तक्रार भाषेची नाही. तिसऱ्या भाषेतही मनुष्य युक्तिवाद समजून घेऊ शकतो, कारण युक्तिवादाला स्वतःचा एक आधार असतो, एका पायरीवरून दुसरीचा अंदाज बांधता येतो. परंतु तिसऱ्या भाषेतील नुसती यादी पाठ करावयाची म्हटले, म्हणजे कुशाग्र बुद्धीचाही उपयोग उरत नाही. आपण या विषयातील युक्तिवाद काढून घेतला आहे आणि यादी तेवढी ठेवली आहे, ही माझी मुख्य तक्रार आहे.

हे विधान कठोर वाटेल, म्हणून उदाहरण देतो. इथेनॉलच्या हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजन सुटा होण्यास फारसा राजी नसतो, फिनॉलमधील त्याहून सुलभतेने सुटतो, आणि इथेनॉइक आम्लातील त्याहूनही सुलभतेने. त्यांची पीकेए मूल्ये अनुक्रमे सुमारे १६, १० आणि ४.७६ अशी आहेत. आमचा विद्यार्थी हे तीन आकडे पाठ करतो, कारण परीक्षेत आकडे विचारले जातात. वास्तविक हायड्रोजन निघून गेल्यावर मागे राहणारा ऋणभार पहिल्या रेणूत एकाच ऑक्सिजनवर कोंडलेला राहतो, दुसऱ्यात तो बेंझिनच्या वलयात पसरतो आणि तिसऱ्यात दोन ऑक्सिजन अणूंमध्ये समसमान विभागला जातो. भार जितका विभागला जाईल तितका तो रेणू स्थिर, आणि म्हणून हायड्रोजन सोडून देण्यास तितका अधिक सिद्ध. एवढे एक तत्त्व ज्याच्या मनात ठसले, त्याला प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया झाली असता हायड्रोजन कोणत्या कार्बनला चिकटेल, हेही सांगता येते. कारण तेथे धनभाराचा प्रश्न असला तरी न्याय तोच आहे, ज्या कार्बनवर आलेला धनभार शेजारचे गट अधिक वाटून घेतील तोच मार्ग क्रिया पत्करते. तृतीयक अल्कोहोलातून पाणी इतक्या लवकर का निघून जाते, टोल्युइनच्या वलयावर नवा गट ठरावीक जागीच का बसतो, या प्रश्नांचा निवाडाही त्याच एका तत्त्वाने होतो. प्रोपीनच्या क्रियेचा नियम मार्कोव्हनिकोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागावयास पाव शतकाहून अधिक अवधी होता. त्याने नियम सांगितला, कारण सांगितले नाही, यात त्याचा दोष नव्हता. पुढे १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, १९२२ मध्ये रॉबिन्सन व त्याच्या सहकाऱ्याने इलेक्ट्रॉनयुग्मांचे स्थलांतर दाखविणारे वक्र बाण वापरात आणले, आणि नियमामागचे कारण सर्वांस उपलब्ध झाले. असे असता आमच्या वर्गांत आजही नियम शब्दशः उतरवून घेतला जातो, बाण कोठून कोठे जातो हेही चित्राप्रमाणे पाठ केले जाते, आणि बाणाचे शेपूट नेहमी इलेक्ट्रॉनांपाशीच का असावे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण त्याला गुण नाहीत.

यास्तव माझी पहिली विनंती अशी की, प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमातील संयुगांच्या वर्गांची लांबलचक फेरिस्त निम्म्यावर आणावी. अल्केन, अल्कीन, अल्काइन, हॅलाइडे, अल्कोहोले, ईथर, प्रत्येकाच्या निर्मितीच्या पाच पद्धती आणि प्रत्येकाचे सहा गुणधर्म, अशा रीतीने जी प्रकरणे रचली आहेत, ती संदर्भग्रंथात शोभतात, आरंभीच्या विद्यार्थ्यापुढे नव्हे. डेकेन या एका साध्या हायड्रोकार्बनाचेच ७५ संरचना समघटक होतात. ज्या शास्त्राची संपत्ती अशी अमर्याद आहे, तेथे पाठांतराने कोणाचा टिकाव लागणार? त्याऐवजी पहिल्या सत्राचा अर्धा काळ केवळ इलेक्ट्रॉन कोठे अधिक, कोठे उणे, आणि भार कसा पसरतो, या विचाराला द्यावा. प्रश्नपत्रिकेत किमान निम्मे गुण पुस्तकात नसलेल्या क्रियेवर ‘काय घडेल व का’ असे विचारून द्यावेत. आमच्या मुलांना असे प्रश्न झेपणार नाहीत, अशी शंका एखाद्या बैठकीत निघाल्यास ती कृपा करून मंजूर करू नये. असे प्रश्न मी त्यांना मराठीत घातले आहेत, आणि कोण बोलू लागतो व कोण गप्प राहतो, याचा क्रम परीक्षेच्या गुणपत्रिकेपेक्षा अगदी निराळा लागलेला पाहिला आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे पत्र लांबणीवर टाकवेना, ती सांगतो. दिंडोरी, निफाड या तालुक्यांत द्राक्षबागांची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबे कामासाठी तिकडे उतरतात, आणि महाविद्यालयात नाव असलेली मुलेही सुट्टी साधून किंवा वर्ग बुडवून त्यांच्यासोबत जातात. छाटलेल्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना जे द्रावण लावतात, आणि ज्याला बागेत सर्वजण ‘पेस्ट’ म्हणतात, ते हायड्रोजन सायनामाइड असते. याच सायनामाइडाच्या रेणूने पाण्याचा एक रेणू सामावून घेतला की युरिया तयार होतो, आणि युरिया हा तोच पदार्थ, जो १८२८ मध्ये व्होलरने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत बनविला आणि सजीवांची द्रव्ये केवळ सजीवच निर्माण करू शकतात या समजुतीला पहिला मोठा तडा दिला. प्रत्येक क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या पानावर व्होलरचे नाव आहे. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोटांना त्याच कुळातले द्रव्य लागलेले आहे, आणि त्याला ते कोणी सांगितलेले नाही.

हे केवळ कुतूहलाचे असते तर मी इतका आग्रह धरला नसता. मद्य पोटात गेल्यावर शरीर इथेनॉलचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड आणि नंतर ॲसिटिक आम्ल करते. अल्कोहोलापासून अल्डिहाइड व अल्डिहाइडापासून आम्ल, ही ऑक्सिडीकरणाची मालिका प्रथम वर्षाच्या परीक्षेत ठरलेलीच असते. यांतील दुसरी पायरी पार पाडणारे विकर सायनामाइडामुळे निकामी होते, ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचत जाते, चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडू लागते, उलट्या होतात. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी थोडी दारू घेणाऱ्या मजुराची अशी अवस्था होते, ती याच कारणाने. म्हणूनच या द्रव्याच्या वापराच्या सूचनांत मद्य वर्ज्य सांगितलेले असते. ती सूचना वाचील कोण, आणि वाचली तरी पटेल कोणाला? बागेत गेलेल्या त्या कुटुंबात एखादा मुलगा विज्ञानाच्या पहिल्या वर्षास असेल, आणि ऑक्सिडीकरणाची ती मालिका त्याला उत्तरपत्रिकेत लिहिण्यापुरती न शिकविता समजावून दिलेली असेल, तर बापाला आणि चुलत्याला दोन गोष्टी अधिकाराने सांगू शकेल असा दुसरा कोणीही त्या बागेत नसतो. अभ्यासक्रम ठरविताना हा मुलगा आपल्या डोळ्यांपुढे असावा, ही माझी आपणांस सर्वांत कळकळीची विनंती आहे.

आणि बागेत हे एकच उदाहरण आहे असेही नाही. मणी लांबावेत आणि फुगावेत म्हणून ज्या द्रावणात घड बुडवून काढतात, त्यातील जिबरेलिक आम्ल हा १९ कार्बनांचा रेणू. त्यात कार्बोक्सिल गट आहे, हायड्रॉक्सिल गट आहेत, दुहेरी बंध आहेत आणि लॅक्टोनचे वलयही आहे, म्हणजे प्रथम वर्षात शिकविले जाणारे बहुतेक गट एकाच रेणूत एकत्र नांदतात. ती पूड सरळ पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बागाईतदार ती आधी ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवितो आणि मग पाण्यात सोडतो. विद्राव्यतेचा पाठ याहून चांगल्या रीतीने कोणत्या प्रयोगशाळेत देता येईल? हा पदार्थ सापडला तोही भातामुळे. जपानात भाताची रोपे अवास्तव उंच व दुबळी होत, तो एका बुरशीच्या स्रावाचा परिणाम आहे असे कुरोसावाने १९२६ मध्ये दाखविले, आणि १९३५ मध्ये याबुताने त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. भात लावणाऱ्यांच्या मुलांना ही हकीकत परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. द्राक्षाच्या आंबटपणात टार्टारिक आम्लाचा वाटा मोठा, आणि त्याच आम्लाच्या एका क्षाराचे परस्परांची प्रतिबिंबे असणारे स्फटिक १८४८ मध्ये पाश्चरने भिंगाखाली हाताने वेगळे केले, तेव्हा त्रिमितीय रसायनशास्त्राचा पाया पडला. नाशिक जिल्ह्यात हा विषय शिकविताना द्राक्षाचा उल्लेखही होऊ नये, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

त्रिमितीचा विषय निघालाच आहे, तर प्रतिकृतींविषयी लिहितो. कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोनांकडे वळलेले असतात, हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे सांगितले. व्हान्ट हॉफने पुठ्ठ्याच्या छोट्या प्रतिकृती स्वतः करून रसायनशास्त्रज्ञांकडे पाठविल्या, कारण केवळ कागदावरील आकृतीने आपले म्हणणे पटणार नाही, हे त्याने ओळखले होते. पुढे कोल्बे या थोर रसायनशास्त्रज्ञाने, पशुवैद्यक विद्यालयात नोकरी करणाऱ्या या तरुणाची जाहीर हेटाळणी केली, आणि त्याच तरुणास १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. लहान ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना ही कथा अवश्य सांगावी. जी गोष्ट पटवून देण्यास तिच्या जनकालाही हातात धरावयाची वस्तू लागली, ती आमच्या विद्यार्थ्याने मात्र फळ्यावरील ठळक आणि तुटक रेषांवरून समजून घ्यावी, अशी आपली अपेक्षा आहे. रेणूंच्या प्रतिकृती तयार करणे हा प्रात्यक्षिकांत गुण असलेला, सक्तीचा भाग करावा. त्यासाठी महागडे संच नकोत. चिकणमाती आणि बांबूच्या काड्या येथे प्रत्येक गावात आहेत, आणि बांबूकाम करणाऱ्या घरांतील मुलांचे हात या कामी आपल्या आमच्यापेक्षा अधिक तयार आहेत.

प्रात्यक्षिकांची बाबही अशीच आहे. फिनॉलच्या ओळखीसाठी फेरिक क्लोराइडची परीक्षा करावयाची, तर कातडी भाजणारे फिनॉल विकत आणून, जपून जपून, साऱ्या वर्गाला एकदाच दाखविण्यापेक्षा हिरड्याचा काढा आणि कात प्रत्येकाच्या परीक्षानळीत का देऊ नये? हिरड्यातील टॅनिन त्या द्रावणाशी निळसर काळा रंग देते, कातही गडद होतो, आणि तो रंग कशामुळे आला, याची चर्चा तेथेच सुरू होऊ शकते. मोहाच्या बियांच्या तेलापासून साबण करता येतो. जलअपघटन, मेदाम्ले, ग्लिसरॉल ही सर्व त्या एका तासात येतात. अशा स्थानिक द्रव्यांवर आधारलेल्या प्रात्यक्षिकांना अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पर्याय म्हणून स्पष्ट स्थान असावे, कारण जे पुस्तिकेत नाही ते करण्यास प्राध्यापक धजत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित धजलो नसतो.

भाषेविषयी थोडकेच सांगतो, कारण त्यात नवी मागणी फारशी नाही. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेच, अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा द्यावी, असे विद्यापीठांना कळविले. ती मुभा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात, निःसंदिग्ध शब्दांत आणि प्रवेशाच्या वेळीच कळविली जावी; संयुगांची नावे व सूत्रे इंग्रजीत आणि कारणमीमांसा मराठीत, अशी मिश्र उत्तरपत्रिका ग्राह्य धरावी; आणि ती तपासणाऱ्यास तशी लेखी सूचना असावी, कारण अशा सूचनेअभावी चांगल्या तरतुदी दफ्तरातच राहतात. मराठीत हे शास्त्र लिहिता येणार नाही, असा आक्षेप घेण्याचे आता प्रयोजन नाही. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले; १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हे व्रत चालवीत आहे; विश्वकोशात या विषयाच्या नोंदी आहेत. केंद्रकस्नेही, इलेक्ट्रॉनस्नेही, समघटकता हे शब्द घडविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे श्रम कपाटात पडून आहेत. क्रमिक पुस्तकांच्या लेखकांनी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या प्रकरणाचा युक्तिवाद दोन पाने मराठीत लिहावा. संपूर्ण भाषांतराची अपेक्षा मी करीत नाही. युक्तिवाद तेवढा मराठीत मिळाला तर तपशील मुले इंग्रजीत शोधून काढतील.

वेळापत्रकाबद्दलही एक विनंती आहे. पहिल्या सत्राची अखेर आणि फळछाटणीचा हंगाम एकाच वेळी येतात. मजुरी बुडवून वर्गात बसणे ज्यांना परवडत नाही, त्यांची प्रात्यक्षिके सलग काही दिवसांत पूर्ण करून घेण्याची सवलत आदिवासी तालुक्यांतील महाविद्यालयांना असावी, आणि उपस्थितीचा हिशेब करताना या स्थलांतराची दखल घेतली जावी.

या मुलांकडून रसायनशास्त्रात मोठी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, असे सौजन्याने सुचविणारी माणसे मला भेटतात. त्यांना मी कमला सोहोनींचे नाव सांगतो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी मिळवूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना बंगलोरच्या विज्ञान संस्थेत आरंभी प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी तेथे प्रवेश मिळविला, १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, आणि पुढे ज्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले ते नीरेवरचे होते, आदिवासी माता व मुलांच्या पोषणास तिचा उपयोग व्हावा म्हणून केलेले. आदिवासींच्या आहारावर संशोधन झाले, ही आनंदाची गोष्ट. ते संशोधन करणारी मुलगी आता याच पाड्यांवरून यावी, असे मला वाटते, आणि तिच्या वाटेत प्रथम वर्षाची ही प्रश्नपत्रिका उभी आहे.

सबब शेवटची मागणी कार्यपद्धतीची आहे. आदिवासी तालुक्यांतील महाविद्यालयांत प्रत्यक्ष शिकविणारा एक तरी अध्यापक प्रत्येक अभ्यासमंडळाच्या चर्चेस निमंत्रित असावा, आणि प्रथम वर्षाच्या पुढील अभ्यासक्रमाचा मसुदा मंजुरीपूर्वी या महाविद्यालयांकडे हरकतींसाठी पाठविला जावा. मसुदा हाती आल्यावर प्रकरणवार हरकती, पर्यायी प्रात्यक्षिके आणि नमुन्याचे प्रश्न आम्ही लेखी स्वरूपात, आपण घालून द्याल त्या मुदतीत सादर करू.



आपला नम्र,
हरसूल परिसरातील एक विज्ञानशिक्षक